लाभ, दोन, तीन… : राशीवरचं माप आणि आपला इतिहास

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे : “सर, अन्नाने समाज घडवले, राज्यं उभी केली आणि पाडली, असं वाचते. पण उदाहरणं सगळी इजिप्तची, आयर्लंडची, फ्रान्सची. आपल्या मराठवाड्यात हे कुठं दिसतं? की आपल्या वाट्याला नुसते दुष्काळच आले?”

मी इतिहासाचा माणूस नाही. कृषी खात्यात कृषी सहायक म्हणून लागलो, मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली एकतीस वर्षं लातूर, धाराशिव आणि बीडच्या शिवारांत गेली. त्यामुळं उत्तर खळ्यावरून देतो, पुस्तकातलं तुमचं तुम्ही जुळवून घ्या.

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर विचारा, रास मोजताना पहिलं माप टाकलं की काय म्हणायचे. ‘एक’ म्हणत नसत. ‘लाभ’ म्हणायचे, आणि मग दोन, तीन. खळ्यात चप्पल घालून जायचं नाही, मोजणी चालू असताना मध्ये बोलायचं नाही. लहानपणी हे मला नुसतं देवाधर्माचं वाटायचं. पुढं स्वतः पिकं तोलायला लागलो तेव्हा कळलं, राशीभोवती एवढी शांतता का असायची. गावाचे वर्षभराचे हिशेब त्या एका जागी मिटत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग असे सगळे कडेला उभे असत. सुतारानं वर्षभर तिफण-वखर चालतं ठेवलं, लोहारानं फास पाजवले, त्याचं बलुतं तिथं पदरात पडायचं. कुणाला पायलीनं, कुणाला सुपानं, कुणाला नुसत्या पेंढ्या. आणि माप शिगोशीग भरायचं की हात फिरवून सपाट करायचं, हे भरणाऱ्याच्या मर्जीवर. ती शीग म्हणजे मूठभर ज्वारी. पण ती कुणाच्या मापाला आहे आणि कुणाच्या नाही, हे अख्खं गाव बघत असायचं.

माझ्या मते अन्नाचा इतिहास म्हणजे या मापाचा इतिहास. धान्य कोण मोजतो, कोण साठवतो, कामाच्या बदल्यात कुणाच्या पदरात किती टाकतो, यावर माणसामाणसांतली नाती ठरत गेली. आपल्याकडंही आणि जगातही.

जगाचं थोडक्यात सांगतो. दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात गहू आणि जवाची शेती सुरू झाली. कंदमुळं जमिनीत राहतात, लागतील तशी उकरून खाता येतात. वसुलीला कुणी आला तर त्याला काय दिसणार? गहू, जव, ज्वारी मात्र एकदम पिकते, उघड्यावर दिसते, वाळते, टिकते, पोत्यात भरून नेता येते. कर घेणाऱ्याला याहून सोयीचं पीक नाही. इराकमधल्या उरुक शहरात सव्वापाच हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाट्या सापडल्या, जगातल्या सगळ्यात जुन्या लिखाणात त्यांची गणना होते. त्यात कविता नाहीत, बहुतेक जमाखर्च आहे : जव किती आलं, कुणाला किती दिलं. तलाठ्याचं दप्तर आधी आलं, साहित्य नंतर.

आणि त्या दप्तराशी माझं नातं जवळचं. पीक कापणी प्रयोग मी कितीतरी केले. शेतात दहा बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून, मळून, तोलायचं, तक्त्यात भरायचं. असल्या वजनांवरून गावाची पैसेवारी निघायची, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयात यंदाचं पीक किती पैसे. ती ५० पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळी धरलं जायचं, मग साऱ्यात सूट, वसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. वर गेली तर काही नाही. दोरी धरून उभा असताना गावकरी काट्याकडं बघत नाहीत, तुमच्या तोंडाकडं बघतात. उरुकच्या त्या कारकुनाकडं लोक असेच बघत असतील, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

आता राज्यं पडल्याचं विचारलंत, तर यादवांच्या देवगिरीपेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. १२९६ साली अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. रामदेवरायाचं सैन्य युवराजाबरोबर बाहेर गेलेलं. घाईघाईनं किल्ल्यात शिरताना कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती धान्य समजून वर नेली. वेढा पडला, पोती उघडली, तर आत मीठ. फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं ही हकिकत तीनशे वर्षांनंतर लिहिली आहे, तेव्हा त्यात तिखटमीठ किती हे तुम्ही ठरवा. पण तो खंदक, तो कातळ आणि ती अंधारी वाट बघून आलेल्या माणसाला हे पटतं की असला किल्ला भुकेशिवाय पडत नाही. पुढं १६३३ मध्ये मोगलांनी हाच किल्ला, तेव्हाचा दौलताबाद, घेतला तेव्हाही आतला दाणा संपत आला होता. त्याच्या आधीची तीन वर्षं दख्खनमध्ये भयंकर दुष्काळाची, ज्याची झळ देहूला तुकोबांच्या घरापर्यंत पोचली होती.

त्या मोहिमांत सैन्याला धान्य पुरवत होते बंजाऱ्यांचे तांडे. हजारो बैल, पाठीवर गोण्या, जाताना धान्य, येताना मीठ. लढाई कुणाचीही असो, तांड्याला हात लावायचा नाही हे दोन्ही बाजू पाळत, कारण उद्या आपल्यालाही दाणा लागणार. १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी हैदराबादकडं रेल्वे झाली आणि बैलावरच्या व्यापाराचं उरलंसुरलं कंबरडं मोडलं. तांडे माळरानावर स्थिरावले, हलक्या जमिनी वाट्याला आल्या. आज बीड-परभणीकडच्या कितीतरी तांड्यांवरची माणसं दिवाळी झाली की उसाच्या तोडीला निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’, मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एकेकाळी दख्खनचं धान्य ज्यांच्या पाठीवर हललं, त्यांची नातवंडं आता साखरेचा कच्चा माल तोडतात. कोणत्या पिकाला रस्ता मिळाला आणि कोणता रस्ता बंद पडला, यातून एका समाजाचं नशीब कसं फिरतं, ते इथं दिसतं.

साठवणीचं सांगायलाच हवं. आमच्या वाड्यात पेव होतं. काळ्या जमिनीत नाही, पांढरीत खणलेलं. वर अरुंद तोंड, आत रांजणासारखं रुंद. तळाला आणि कडेनं कडबा-भुसा लावून ज्वारी भरायची, तोंड दगड-मातीनं लिंपून टाकायचं. हवा लागत नाही म्हणून किडा जगत नाही. दोन-तीन वर्षं ज्वारी राहायची, थोडी कुबट लागायची एवढंच. पण ज्या कारणानं किडा जगत नाही त्याच कारणानं माणूसही जगत नाही. पेव उघडलं की दिवसभर तसंच सोडायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर आत उतरायचं नाही. घाईनं उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. आपण आज ‘क्लासचं पेव फुटलंय’ म्हणतो, त्या शब्दाला हा वास आहे.

पेव ज्याच्याकडं, तो दुष्काळात गावाचा राजा. बाकीच्यांच्या घरी कणगी किंवा भिंतीतलं बळद, त्यात चार-सहा महिन्यांचं. आषाढात कणगीच्या तळाला हात लागायला लागला की पेववाल्याच्या दारात जायचं, पायलीला दीडपट किंवा दुप्पट कबूल करून यायचं. सुगीला तेच माप परत खळ्यावर. सावकारी म्हटलं की लोकांना खतावण्या आठवतात. पण मूळ कर्ज बहुतेक वेळा ज्वारीचं होतं, पैशाचं नंतर झालं. आणि हो, दुष्काळात पेव उघडून गाव जगवणारेही होते, ते नाकारत नाही. फक्त त्या जगवण्याची किंमत पुढच्या दोन पिढ्या मान खाली घालून फेडत, हेही मी पाहिलेलं आहे.

आता दुष्काळ. तुम्ही ‘नुसते दुष्काळच’ म्हणालात, पण मराठवाड्यानं आणि महाराष्ट्रानं जगाला काही दिलं असेल तर ते दुष्काळातूनच. १८७६-७८ च्या दुष्काळात इंग्रजी मुलखात, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूर-नगरकडं, खडी फोडायची कामं निघाली. सर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं मजुरी ठरवली : दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर एक आणा. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचं यावर भागत नाही. १८७७ साली मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. राज्यकर्त्यानं ठरवलेलं माप लोकांनी नाकारल्याची एवढी स्पष्ट घटना आपल्याकडं क्वचितच सापडेल. तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. इथं सरकारी मापाचा राग पुढं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साठला, धान्याच्या लेव्हीच्या रूपानं. शेतकऱ्याच्या दारातून सक्तीनं धान्य उचलणारं सरकार लोकांना आपलं वाटणं शक्यच नव्हतं.

मग आला १९७२. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आई दुष्काळी कामावर जायची, पाझर तलावाच्या भरावावर पाटीनं माती टाकायला. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो, कारण तिथं सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली मिलो यायची, लाल ज्वारी. तिची भाकरी थापता थापता फुटायची. आजी म्हणायची, ‘ही जनावराला घालायची जात हाय, माणसाला कशाला धाडली?’ शिव्या देत देत खाल्ली, पण खाल्ली. तीन वर्षं पिकं गेली तरी जुन्या दुष्काळासारखी माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडली नाहीत. कारण काम मागेल त्याला काम आणि त्या कामाची मजुरी हे सूत्र तेव्हा प्रत्यक्षात आलं. मूळ कल्पना वि. स. पागे यांची, मुख्यमंत्री वसंतराव नाईक, जे स्वतः बंजारा समाजातले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि २००५ मध्ये देशानं तीच वाट धरली.

या कामांवर एक गोष्ट झाली ती फारशी कुणी लिहीत नाही. महार, मांग, मराठा, वंजारी, धनगर अशा बाया एकाच रांगेत पाट्या उचलत होत्या, आणि मोजणी मातीच्या खड्ड्याची होत होती, जातीची नाही. आठवड्याला हातात रोकड. गावातल्या वाड्यावर जाऊन ज्वारीसाठी ताटकळायची गरज उरली नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या खळ्यावर बलुत्याला येणारे कमी झाले. जुन्या माणसांनी ‘माणसं माजली’ म्हणून बोटं मोडली. माझ्या मते खळ्यावरचं माप त्या पाझर तलावाच्या भरावावर मोडलं.

अर्थात त्याच्या आधीच एक मोठा नकार होऊन गेला होता. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं, मेलेल्या जनावराचं मांस खाऊ नका, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. मराठवाड्यातल्या महारवाड्यांत हे पोचायला वेळ लागला, कारण बलुत्याच्या व्यवहारात भाकर-तुकडा हा कामाचा मोबदलाच धरलेला. तो नाकारणं म्हणजे मजुरी सोडणं. वाळवलेल्या मांसाच्या चाण्यांवर पावसाळा काढणाऱ्या घरांनी ते सोडलं, उपाशी राहिले, मारही खाल्ला. जगाच्या इतिहासात लोकांनी अन्नासाठी बंड केल्याची उदाहरणं भरपूर आहेत. अन्न नाकारून बंड केल्याची इतकी मोठी उदाहरणं थोडी. तुमच्या परीक्षेच्या उत्तरात हे एक वाक्य जरूर घाला.

पंगतीचं तेच. पैठणला नाथांनी श्राद्धाचं जेवण अस्पृश्यांना वाढलं, त्यावरून त्यांना वाळीत टाकलं, अशी कथा सांगितली जाते. नांदेडला गुरुद्वाऱ्यात लंगर अखंड चालू असतो, तिथं शेजारी कोण बसलंय हे विचारायची पद्धत नाही. आणि आमच्या लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, मग भज्जी, उंडे, आंबील, खीर. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. कानडी मुलखात हीच ‘एळ्ळ अमावास्ये’, एळ्ळ म्हणजे तीळ. सण सीमेपलीकडं तसाच पाळला जातो. जिल्हे नंतर आखले गेले. मात्र पूर्वी सालगड्याचं ताट मालकाच्या कोपीत नसायचं, बाहेर धुऱ्यावर असायचं, हेही सांगून टाकतो. नाहीतर सणाचं वर्णन फार गोड होतं.

मध्येच एक गंमत. आपण ‘गावरान’ म्हणून मिरवतो ती न्याहारी बघा : ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. पूर्व सुदानमध्ये सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी ती माणसाळली आणि मग समुद्रमार्गानं आपल्याकडं आली. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिकेतले, पोर्तुगीज येण्याआधी या मुलखात मिरची कुणी चाखलेलीच नव्हती. चटणीचं कारळंही आफ्रिकेचं, जवस पश्चिमेकडून आलेला. अस्सल इथली म्हणावी अशी तूर, पण ती या न्याहारीच्या ताटात नाही. तेव्हा कुणी खाण्यावरून परका-आपला करायला लागलं की त्याला ठेचा वाढावा.

शेवटचा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि त्यात माझाही हात आहे. साठच्या दशकात संकरित ज्वारी आली, १९६४ चा सीएसएच-१ पहिला. आमच्याकडं खरिपातल्या ज्वारीला लोक आजही ‘हायब्रीड’च म्हणतात. उतारा भरपूर, पण काढणीला पाऊस गाठला की दाणा काळा पडायचा. भाकरीला लोक शेवटपर्यंत रब्बीतल्या मालदांडीचाच हट्ट धरत. पुढं सोयाबीन आलं. त्याच्या प्रात्यक्षिकांचे फलक मी स्वतः बांधावर रोवले. शंभर-एकशे दहा दिवसांत रोकडा, लातूरची आडत जवळ, कोण नाही म्हणेल? एका शेतकऱ्यानं मला विचारलं होतं, ‘साहेब, पीक चांगलंय, पण हे खायचं कसं?’ मी हसण्यावारी नेलं. तो अगदी बरोबर विचारत होता. आमच्या पट्ट्यात पेरणाऱ्याच्या घरात न शिजणारं धान्य मुख्य पीक झालं होतं.

त्याबरोबर कडबा गेला. हे माणसांच्या लक्षात येत नाही. ज्वारी म्हणजे अर्धी माणसाची, अर्धी जनावराची. एका बैलाला दिवसाला आठ-दहा किलो वाळला चारा लागतो. कडबा नाही म्हणजे बैल परवडत नाही. बैल नाही म्हणजे शेण नाही, सारवण नाही, सालगड्याचं काम नाही. पाडव्याला साल ठरवायचं, त्यात रोख किती आणि ज्वारी किती, ही घासाघीस बंद झाली. करडईचं तसंच. काटे मऊ असतात तोवर पहाटे दवात काढायची, हाताला फडकं गुंडाळून. मजूर मिळेना, बाहेरून पामतेल स्वस्त येऊ लागलं, आणि घाण्याचं तेल खाणारं मराठवाड्यातलं घर पिशवीतल्या तेलावर आलं. आणि उलटापालट कशी बघा : माझ्या लहानपणी पोळी सणाला, भाकरी रोजची. आता रेशनचा गहू गरिबाघरी, आणि मालदांडी ज्वारी शहरातल्या डॉक्टरनं ‘खा’ म्हणून सांगितलेल्याच्या घरी. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं तेव्हा आमच्या जुन्या सहकाऱ्यांच्या गटात कुणीतरी लिहिलं, ‘श्रीअन्न झालं, आता श्रीमंतांचं झालं.’ चेष्टाच होती, पण भाव बघितले तर फार खोटी नव्हती.

तुम्हाला खरोखर अभ्यास करायचा असेल तर पुस्तकाआधी एक काम करा. गावी जा आणि सत्तरीच्या पुढच्या पाच माणसांना वेगवेगळं बसवून विचारा : शेवटची ज्वारीतली मजुरी कोणत्या सुगीला मिळाली, किती मिळाली, आणि दुसऱ्या वर्षी का मिळाली नाही? वाड्यातल्या माणसाला विचारा, तशीच वाड्यावर राबलेल्या बाईलाही विचारा. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, ती तशीच लिहून घ्या. आमच्या गावात हा धागा १९७५ च्या सुगीपाशी तुटतो. त्या वर्षी आमच्या खळ्यावर न्हावी आला नाही. वडिलांनी त्याचं माप शीग लावून बाजूला काढून ठेवलं होतं, ते आठ दिवस तसंच राहिलं. मग आईनं ते दळणात घातलं.